पत्रावळ भिरकावता येत नाही

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक माझ्या नवऱ्याचे वर्गमित्र आहेत. गणपती उठल्यावर ते घरी आले, दोनदा चहा घेतला, तिसऱ्यांदा नको नको म्हणत घेतला आणि उठता उठता म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर लोकांना जेवू घातलंत, आता थोडं लिहा. इंदूरात पंगतीला परत पत्रावळी आणल्यात ना तुम्ही, त्यावरच लिहा. पर्यावरण वगैरे. आजकाल चालतं ते."

मी हो म्हणून बसले. मग कागद पुढे ओढला आणि लक्षात आलं, की पर्यावरणावर मला एक ओळ लिहिता येत नाही. पत्रावळींवर लिहिता येईल, पण ती गोष्ट पर्यावरणाची नाही. ती ताटाला घाबरणाऱ्या एका बाईची आहे. छापायची तर संपादकांनी छापावी.

आधी धंदा सांगते. मी विनया दिघे. इंदूरच्या मराठी घरांतल्या मुंजी, बारशी, साठीशांत, केळवणं आणि बेताची लग्नं यांचा स्वयंपाक हा माझा व्यवसाय. बुफे नाही, पंगत. बुफेत माणूस आपल्या हाताने वाढून घेतो, मग नावं कुणाला ठेवणार? पंगतीत वाढणाऱ्याला नावं ठेवायची सोय असते, म्हणून आपल्या लोकांना पंगत आवडते. बाहेरच्यांना वाटतं, या धंद्यात अवघड म्हणजे स्वयंपाक. स्वयंपाक तर सोपा. अवघड असते ती चाल. भात वाढणारा झपझप पुढे गेला आणि वरणवाला मागे राहिला, की पंगत कोरडी बसते. कोरडी बसलेली पंगत बोलायला लागते, आणि बोलायला लागली की आधी मुलीच्या बापाबद्दल बोलते.

त्यात हे इंदूर. इथे माणूस कशावरही शेव घालून खातो. एका लग्नात पुण्याहून आलेले वरपक्षाचे काका साध्या वरणभातावर पडलेली शेव बघून असे दचकले, जशी काही पानात पाल पडली. आमचा वाढप्यांचा मुख्य भुरेलाल त्यांना म्हणाला, "भिया, टेस्ट तो करो." काकांनी केली. तिसऱ्या भाताला त्यांनी शेव मागून घेतली आणि वर म्हणाले, "पुण्यात हे कुणाला सांगू नका."

हा भुरेलाल मूळचा देपालपूरकडचा. माझ्याकडे आला तेव्हा मिशी फुटत होती, आता मिशी पिकली आहे. त्याला जगातला प्रत्येक पुरुष 'भिया' आणि प्रत्येक बाई 'काकूजी'. कलेक्टर आले तरी भिया. हे ध्यानात ठेवा, पुढे यावरूनच रामायण झालं.

आता ताटाचं. स्टीलचं, पितळेचं, कसलंही ताट जमिनीवर पडून खणखणलं, की मी टेबलाखाली जाते. हे अलंकारिक लिहीत नाही. खरोखर जाते. आधी गुडघे जातात, मग मी. ताट गरगर फिरून शांत होईपर्यंत खालीच बसते. बाहेर आल्यावर लोक विचारतात, काय झालं, तर मी सांगते, "कानातलं पडलं." या एका थापेवर मी आयुष्य काढलं. किती लोकांनी माझ्यासाठी सतरंज्या झटकल्या असतील! एका वधूमायने तर मुलगी सासरी जात असताना डोळे पुसत पुसत मला सराफ्यातून आणलेली फिरकीची कुडी दिली. "ही नाही पडायची," म्हणाली.

कारण सांगायला फार जागा लागत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ताट भिरकवायचे. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. बाहेर इतके मवाळ, की शेजारपाजारचे त्यांच्याकडे भांडणं मिटवायला यायचे. घरी मात्र आमटीत मीठ कमी लागलं, की दोन खोल्यांच्या क्वार्टरात ताट या भिंतीवरून त्या भिंतीवर. कधी रोज, कधी पंधरा दिवस काहीच नाही. ते काहीच नसलेले दिवस जास्त वाईट जायचे. आई इतकी धास्तावलेली असायची, की तिची चवच गेली होती. खारट, अळणी काही कळायचं नाही तिला. मग ती मला हाक मारायची. दुसरीत असल्यापासून अण्णांच्या आमटीचं मीठ मी बघायचे. बरोबर झालं तर ते शांतपणे जेवायचे आणि चुकलं तर, मला वाटायचं, माझ्यामुळे आईला मार बसला. लोक आज माझ्या चवीचं कौतुक करतात. "काकू, तुमच्या हाताला मीठ कधी चुकत नाही हो!" चुकणार कसं? माझ्या वयाच्या मुली सागरगोटे खेळत होत्या तेव्हा मी मिठाचा रियाज करत होते.

लग्न झालं. नवरा श्रीकांत, बँकेत. स्वभाव असा, की रिक्षावाल्यालाही 'तुम्हाला वेळ आहे का' असं विचारतो. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो जेवला, आणि बायकोला मदत करावी म्हणून स्वतःचं ताट उचलून उभा राहिला. मी बघितलं ते एवढंच, की जेवलेल्या पुरुषाने ताट हातात उचललंय. पुढच्या क्षणी मी टेबलाखाली होते.

तो खाली वाकला. "काय शोधतेस?"

"कानातलं पडलं."

थाप त्या दिवशी जन्माला आली. बिचारा टॉर्च घेऊन अर्धा तास फरशी शोधत होता. दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना मल्हारगंजातून पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "थंडीत भांडी घासायची कटकट नको तुला." इंदूरात मे महिना चालू होता.

दहा-बारा वर्षांनी एकदा धीर करून मी त्याला अण्णांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अंदाज होता. त्या दिवशी तुझ्या कानात काहीच नव्हतं."

तर पत्रावळी अशा आल्या. घरात रुळल्या, मग मी डबे करायला लागले, मग बारशी, मग मुंजी. प्रत्येक ठिकाणी मी यजमानांना सांगायचे, पंगत पत्रावळीवरच होईल. सगळीकडे स्टीलच्या ताटांचा जमाना होता. लोक म्हणायचे, दिघेबाई जुन्या वळणाच्या आहेत. मग प्लास्टिकच्या ताटल्यांचा जमाना आला, तेव्हा म्हणाले, हट्टी आहेत. मग शहराला स्वच्छतेचं वेड लागलं, ओला कचरा, सुका कचरा, गाडी, गाणं, आणि एका सकाळी मी दूरदृष्टीची झाले. एका संस्थेने मला 'पर्यावरण-सखी' म्हणून पुरस्कार दिला. निवेदिका म्हणाली, "जब हम सब सो रहे थे, तब विनयाजी धरती माँ की पुकार सुन रही थीं." मी मान खाली घालून बसले. धरतीमातेने मला एकदाही हाक मारलेली नाही.

आणि सन्मानचिन्ह काय दिलं असेल? नक्षीकाम केलेलं, माझं नाव कोरलेलं, पितळी ताट. पाहुण्यांनी ते एका हाताने पुढे केलं. मी दोन्ही हातांनी असं धरलं, जसं काही तान्हं मूल कुणी बाल्कनीतून माझ्याकडे सोडलंय. भाषण झालं, फोटो झाले, रिक्षातून विजयनगरला घरी आलो, तोवर मी ते सोडलं नाही. श्रीकांतने टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं. अजून तिथेच आहे.

टाळेबंदीच्या आधीचा, जनता कर्फ्यूतला तो थाळ्या वाजवण्याचा दिवस मात्र मी विसरणार नाही. सगळ्या देशासाठी ती कृतज्ञता होती. मी दोन दिवस आधीपासून खिडक्यांच्या कड्या तपासत होते. आमच्या इंदूरवाल्यांना काही बेताने करता येत नाही. थाळी वाजवा म्हटलं तर हे परात आणि घमेलं काढतात. वेळ झाली तसं श्रीकांतने खिडक्या लावल्या, मला स्वयंपाकघरात बसवलं आणि मिक्सर सुरू केला. आधी खोबरं, मग दाणे, मग लसूण, मग घरात जे दिसेल ते. बाहेर अख्खी इमारत थाळ्या बडवते आहे आणि आत हा माणूस गंभीर चेहऱ्याने चटण्या वाटतो आहे. पुढे पंधरा दिवस आम्ही चटणीच खात होतो. मला कुणी विचारलं, तुमचं आयुष्य नीट कशामुळे झालं, तर मी त्या मिक्सरकडे बोट दाखवीन.

अण्णांबद्दल एक सांगायचं राहिलं. आई गेल्यावर शेवटची काही वर्षं ते आमच्याकडेच होते. मी नको म्हणत होते, श्रीकांत म्हणाला, "येऊ दे. आपल्याकडे ताट कुठाय?" खरंच आले आणि पत्रावळीवर जेवायला लागले. एके दिवशी कढीवरून बिनसलं. आवाज चढला, हात गेला, त्यांनी पत्रावळ उचलली आणि जुन्या सवयीने जोरात फेकली. पण पत्रावळीला वजन ते काय? ती गेलीच नाही. हवेत जरा उठली, वळली आणि कढीसकट त्यांच्याच धोतरावर येऊन बसली. आवाज झाला तो एवढाच, 'पस्स'. अण्णा मांडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पत्रावळ फाटकी होती."

"हो अण्णा," श्रीकांत म्हणाला. "दुसरी देतो."

त्यानंतर त्यांनी कधी काही फेकलं नाही. मी त्यांना माफ केलं का? अशा लेखांत शेवटी हो म्हणायची पद्धत आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, मी अजून विचार करते आहे. त्यांना औषध वेळेवर दिलं, कढी गरम दिली, एवढं मात्र खरं. टेबलाखाली जाणंही काही थांबलं नाही. तसा कामात अडथळा नव्हता, कारण माझ्या पंगतीत वाजेल असं काही मी ठेवतच नव्हते. वाढायची भांडीसुद्धा कडीची, कापड गुंडाळलेली. भुरेलालला कारण ठाऊक नव्हतं, तो नव्या पोरांना बजावून सांगायचा, "बर्तन गिराया तो काकूजी का झुमका गिरता है. क्यों गिरता है, पूछने का नहीं."

आणि मग जामदारसाहेबांचा फोन आला.

जामदार म्हणजे होळकर दरबारातलं जुनं घराणं. आता नातू सॉफ्टवेअरमध्ये आणि साहेब पेन्शनीत, पण फोनवर अजून दरबार भरतो. पणतवाची मुंज, खजराना रस्त्यावरचं मांगलिक भवन, सगळं मराठी पद्धतीचं. फोन श्रीकांतने घेतला. त्याला आताशा कमी ऐकू येतं आणि तो ते कबूल करत नाही. साहेब म्हणाले, "ताटं आमची." हा म्हणाला, "हो हो, आनंद आहे."

मी घरी आल्यावर म्हणाला, "पाट त्यांचे आहेत म्हणाले."

ताटं होती. काशाची! पणजोबांना दरबारातून मिळालेली, पेटाऱ्यांत ठेवलेली. काशाचं भांडं कधी पडलेलं ऐकलंय का तुम्ही? स्टील खणखणतं आणि थांबतं. कासं देवळातल्या घंटेसारखं घुमत राहतं. मी साहेबांना फोन लावला, पत्रावळीचं महत्त्व सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा धरतीमातेला मध्ये घातलं. ते म्हणाले, "बाई, माझं वय बघा. या ताटांत घरची पंगत बसलेली मी लहानपणी पाहिली. एकदा अजून बघू द्या." मी हो म्हटलं.

त्या दिवशी मी टेबलांवर दुहेरी चादरी घातल्या. ताटं घासायच्या टबाखाली पोती अंथरली. वाढणाऱ्यांना सांगितलं, पळायचं नाही, ताटाला हात लावायचा नाही. मला एकच धास्ती होती. ताट पडलं आणि मी भरल्या पंगतीत टेबलाखाली गेले, तर चाल बिघडेल, वाढणं थांबेल, आणि त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर वाट बघितलेली पंगत माझ्या गुडघ्यांपायी वाया जाईल. मी वाढपाच्या टेबलाशी उभी राहून स्वतःला बजावत होते, विनया, आज उभी राहा. काही झालं तरी उभी राहा.

पंगत बसायच्या जरा आधी सात-आठ वर्षांची एक मुलगी मागे स्वयंपाकाच्या जागी आली. परकर-पोलकं, वेणीत गजरा, कुजबुजता आवाज.

"काकू, आमटी कुठली आहे?"

"ती बघ. भूक लागली का ग?"

"नाही. मला फक्त मीठ बघायचंय. आमचे बाबा पहिल्या ओळीत बसलेत."

मी पळी तिच्या हातावर धरली. तिने जिभेच्या टोकाने चाखलं, डोळे मिटले, थोडा वेळ थांबली. मान हलवली आणि म्हणाली, "बरोबर आहे." मोठा श्वास सोडून निघूनही गेली. मी पळी पातेल्याऐवजी पाण्याच्या बादलीत ठेवली. भुरेलाल म्हणाला, "काकूजी, बीपी तो नी बढ़ गया?"

चौकशी केली. मुलीचं नाव स्वरा. तिची आई जामदारांची नात, म्हणजे बाबा घरचे जावई. बाहेरगावी राहतात, सणासमारंभाला येतात. मी स्वतः जाऊन जावईबापूंना आमटी वाढली. चांगला दिसणारा, सुगंधी माणूस. "वा," म्हणाले. मला वाटलं, झालं, निभावलं.

पण मीठ हे कारण कधी नसतंच. हे मला त्या दिवशी समजलं, आणि साठी उलटल्यावर समजलं याचा अजून राग येतो. मीठ बरोबर होतं. आमटी गरम होती. जावईबापूंनी जिलबी मागितली, ताजी येत होती, आणि भुरेलाल आपल्या नेहमीच्या लाघवाने म्हणाला, "बस दो मिनट, भिया."

"भिया? मी तुझा भाऊ लागतो?"

"अरे भिया, अपन तो सबको..."

"पुन्हा भिया! जावई आहे मी या घरचा!"

आणि ताट गेलं. भुरेलालच्या डाव्या कानाजवळून, थेट कोटा फरशीवर. तो आवाज मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगते, की तो वाजत असताना मी झालर लावलेल्या वाढपाच्या टेबलाखाली होते. उभी राहा, उभी राहा म्हणणारी विनया वरच राहिली असावी.

खाली अंधार होता. कुणीतरी हळूच म्हणालं, "काकू, इकडे सरका. इथे जागा आहे."

स्वरा. गुडघ्यांभोवती परकर घट्ट धरून बसली होती. मला जागा करून द्यायला सरकली. जुनी सरावलेली वाटली. बाहेर ताट अजून घुमत होतं. तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमचे बाबा पण आलेत का?"

"नाही ग. ते केव्हाच वारले."

तिने विचार केला. "मग?"

कानातल्याची थाप या पोरीपुढे चालणार नव्हती. खरंच, मग? माणूस जाऊन एवढी वर्षं झाली, त्याचे दिवस मीच घातले, आणि मी इथे या लेकरासमोर कुणाला घाबरून बसले होते? मला एवढं हसू आलं आणि एवढं रडू आलं, की दोन्ही मिळून शिंक आली. मग मी टेबलाची कड धरली आणि उठले. ताट पुरतं शांतही झालं नव्हतं. त्याचा आवाज चालू असताना उभी राहण्याची ही माझी पहिली वेळ. ऐकलं नीट. एक भांडं होतं ते.

बाहेर आपल्याकडची नेहमीची दृश्यं सुरू झाली होती. जावई रुसला. दोन मामा, एक आत्या आणि दोन सुना त्याच्याभोवती हात जोडून उभ्या. "बापू, बसा हो." "बापू, पोरगं आहे ते." भुरेलाल पोरगं! पन्नाशीचा माणूस, कानाला हात लावून उभा. कुणीतरी नवं काशाचं ताट पुसून पुढे करत होतं. आणि जामदारसाहेब खाली वाकून फेकलेलं ताट उजेडात फिरवून बघत होते.

मी गठ्ठ्यातली पत्रावळ घेतली. हो, गठ्ठा मी सोबत आणला होताच, सवय जात नाही. मुळ्याच्या कोशिंबिरीजवळून वाट काढत गेले आणि जावईबापूंच्या जागी ती मांडली. डाव्या हाताला चटणी, उजव्या हाताला भाजी, वर मीठ.

"जावईबापू, ताट पुन्हा मिळणार नाही. जेवायचं असेल तर यात बसा."

"मी? पत्रावळीत?"

"चांगली असते. भिरकावता येत नाही. माझ्या वडिलांनी करून बघितलंय, धोतर धुवावं लागलं."

मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या आजींना हसू फुटलं. त्यांनी पदर लावला, पण हसणं काही पदरात राहीना. मग त्यांच्या शेजारच्या, मग पलीकडचे. जावईबापू सासऱ्यांकडे, मग आजेसासऱ्यांकडे बघायला लागले. जामदारसाहेब सावकाश सरळ झाले. "तडा गेला," म्हणाले. ताट छातीशी धरलं आणि खुर्चीत बसले. "दिघेबाई म्हणतात तसं करा. आणि त्या भुरेलालची माफी मागा, बापू. दरबारातसुद्धा वाढणाऱ्यावर कुणी हात टाकत नव्हतं."

बापूंनी माफी मागितली नाही. ते तरातरा गाडीत जाऊन एसी लावून बसले. दोन्ही मामा दाराकडे धावणार, तेवढ्यात स्वराची आई म्हणाली, "राहू द्या." दोनच शब्द, तेही हळू. पण कुणी गेलं नाही. तिने दुसरी पत्रावळ मागून घेतली आणि नवऱ्यासाठी मांडलेल्या जागी स्वतः बसली. भुरेलालने तिला जिलबी वाढली आणि नुसतं "लो" म्हणाला. पुढे काही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

जाताना मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की मुलगी बाबांची आमटी चाखून बघते, तुम्हाला माहीत आहे का. मग तिने माझा नंबर घेतला. अधूनमधून तिचा फोन येतो. काय चाललंय ते ती सांगते, मी ऐकते. त्यातलं इथे लिहायचं नाही. माझं म्हणाल, तर ताट पडलं की मी अजूनही दचकते, पण खाली जात नाही. काही श्रेय गुडघ्यांनाही आहे, आता खाली गेले तर वर कोण काढणार?

पण त्या दिवशीचं जेवण सांगायचंय. पंगती उठल्या आणि आम्ही कामाची माणसं मागे बसलो. स्वरा अजून टेबलाखालीच होती. मी झालर उचलून तिला बाहेर काढलं, शेजारी बसवलं, तिच्यापुढे पत्रावळ मांडली, भात वाढला, उरलेली आमटी वाढली. ती जेवेना. माझ्या पानाकडे बोट करून म्हणाली, "तुमचं मीठ बघू?"

"नको. माझं मी बघते, तुझंही मीच बघितलंय. तू जेव."

तिने घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. आणि मग बघितलं ते माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या हातांकडे. मला ते बघणं चांगलं ठाऊक आहे. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काकू, खारट आहे."

मी चाखली. उरलेली आमटी आमच्यासाठी पाणी घालून वाढवली, तेव्हा गोंधळात भुरेलालने एकदा मीठ घातलं होतं आणि मी एकदा. आमटी समुद्र झाली होती. इतक्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा माझं मीठ चुकलं होतं, आणि ते एका मुलीने मला तोंडावर सांगितलं होतं.

"हो ग," मी म्हटलं. "पार बिघडली."

ती माझ्या हातांकडे बघतच होती. मी त्याच हातांनी आणखी भात घेतला, तिला वाढला, मला वाढला. दोघींनी कालवून बघितलं. तरीही खारट. ती खुदकन हसली, मी हसले, आणि तशीच जेवलो.